डाव्या चाकाचा निरोप

या प्रवासात काय पाहिलंस, असं होस्टेलवर मैत्रिणींनी विचारलं तेव्हा मी निळ्या पाण्याचा डोह, घंटा बांधलेल्या गाई आणि बर्फाच्या रेषा उरलेले डोंगर सांगितले. ते पाहिलं हे खरंच आहे. पण त्या पाच दिवसांत मी सगळ्यात जास्त पाहत होते त्या दोनच गोष्टी: हिंगाच्या डबीएवढा एक स्क्रीन आणि तेरा वर्षांची एक मुलगी. स्क्रीनकडे काळजीने आणि मुलीकडे हेव्याने. कॅरॅव्हॅन घेऊन कधी न गेलेल्यांसाठी हे लिहिते आहे, तर दोन्हींबद्दल लिहावं लागेल. एक सोडून दुसरं सांगता येत नाही.

आधी मी कोण ते सांगते. मी जर्मनीत डार्मश्टाटला मास्टर्स करते, विषय सेन्सर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. परतूरला माझे वडील, अप्पा, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. त्यांचा दर रविवारी फोन येतो. जेवलीस का, थंडी किती आहे, एवढं ते विचारतात. मी बरं आहे म्हणते आणि फोन संपतो. इथे मी काय शिकते हे सांगून त्यांना काय कळणार, असं मला वाटायचं.

अनिरुद्धदादा हे माझ्या कॉलेजमधल्या सरांचे मावसभाऊ. स्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनला एका मोठ्या इंजिनिअरिंग कंपनीत आहेत. त्यांच्या गटात एका विद्यार्थ्याला थीसिससाठी घेतात, आणि ती जागा मला हवी होती. इतकी, की त्यांचा नंबर फोनवर दिसला की मी उभी राहून बोलायची. वसंतात त्यांनी एक जुनी कॅरॅव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतली. मोटार नवी, तिच्या चारही चाकांची हवा समोर दिसते. पण मागे जोडलेल्या कॅरॅव्हॅनच्या दोन चाकांचं काहीच कळत नाही. तिचं टायर बसलं तरी पुढे चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही, आणि लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून ते मला म्हणाले, तू सेन्सर शिकतेस ना, मग हवा सांगणारं यंत्र कुठलं घ्यायचं ते सांग.

मी खूप वाचलं, तक्ते केले, फायदे-तोटे लिहिले आणि ते सगळं पाठवलं. दादांचा फोन आला.

"छान आहे. पण घेऊ कुठलं?"

ते त्यात नव्हतंच. परिस्थितीवर अवलंबून आहे, असं मी शेवटी लिहिलं होतं.

"हे बघ दीपाली," ते म्हणाले, "हुशार मुलं आमच्याकडे पुष्कळ येतात. एक काहीतरी निवडून त्यावर उभं राहणारं माणूस सापडत नाही. फिंग्स्टनच्या सणाच्या सुट्टीत आम्ही डोंगरात, आल्गॉयला चाललोय. चल आमच्याबरोबर. तिथे बघू."

काय बघणार, ते मला नीट समजलं होतं.

गेर्लिंगेन

मी पोचले तेव्हा मृणालवहिनी कॅरॅव्हॅनच्या चाकांखाली लिंबं ठेवत होत्या. हातात हळद-कुंकवाची कोयरी होती. समोरच्या घरातले जर्मन गृहस्थ कुंपण कापायचं थांबवून पाहत होते. दादा-वहिनींची मुलगी इरा दारात उभी राहून जर्मनमध्ये म्हणत होती की आई, प्लीज, निदान नारळ तरी आत फोड. इराला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्येच येतं. तिने मला "हालो दीपाली" म्हटलं. वहिनी म्हणाल्या, "ताई म्हण गं." इराने खांदे उडवले, आणि विषय तिथेच संपला. मी आमच्या घरी असे खांदे उडवले असते तर काय झालं असतं याचा मी जिना चढेपर्यंत विचार करत होते.

दुपारी आम्ही कॅम्पिंगचं सामान मिळणाऱ्या दुकानात गेलो. आमच्याकडे ट्रॅक्टरच्या सामानाची दुकानं असतात तेवढं मोठं, पण शांत आणि रबराच्या वासाचं. फळीवर तीन प्रकार होते. एकाचे सेन्सर टायरच्या आत बसवायचे, त्यासाठी टायर उतरवावं लागतं. दुसऱ्याचे सेन्सर व्हॉल्व्हवर टोपणासारखे फिरवून बसतात आणि आकडे थेट फोनवर दिसतात. तिसऱ्याचे सेन्सरही टोपणासारखेच, पण त्याला स्वतःचा छोटा स्क्रीन आणि मधे एक जास्तीची डबी. चाकाने पाठवलेला संदेश ही डबी घेते आणि जोर लावून पुढे मोटारीत पाठवते. मी मनात तिचं नाव निरोप्या ठेवलं होतं.

"बोला," दादा म्हणाले.

मी घसा साफ करत होते, तेवढ्यात इरा म्हणाली, फोनवालं. खोक्याकडे तिने धड पाहिलंही नव्हतं. काचेला आणखी एक स्क्रीन चिकटवलेला वाईट दिसतो, एवढंच तिचं कारण. "सुपर," म्हणून दादांनी तिच्या डोक्यावर हात फिरवला.

मला त्या हाताचा हेवा वाटला. खोटं कशाला बोलू, चांगलाच वाटला. तेरा वर्षांची मुलगी दुकानात उभी राहते, मत देते, आणि ते चुकेल याची तिला भीती नसते. मी तेरा वर्षांची असताना चप्पल घेतानासुद्धा दुकानदार देईल ती बरोबर आहे म्हणायची.

"दादा," मी म्हणाले, "फोनवालं नको."

"का?"

"फोनचा आवाका कमी. मधे अख्खी कॅरॅव्हॅन येते, चाकापर्यंत पोचेलच असं नाही. हे निरोप्या... म्हणजे ही डबी असलेलं घ्यावं."

"नक्की?"

"बहुतेक," मी म्हणाले. आणि मग म्हणाले, "नक्की."

त्यांनी तेच घेतलं. वर म्हणाले, "आता ही तुझी जबाबदारी. चाललं नाही तर तूच बघायचं." इराला काहीच वाटलं नाही, ती केव्हाच झोपाळ्याच्या खुर्च्यांकडे गेली होती. हरूनही काही न हरणं, याचाही मला हेवा वाटला.

संध्याकाळी मी गुडघ्यावर बसून दोन्ही सेन्सर बसवले. निरोप्याची डबी कॅरॅव्हॅनमध्ये पुढच्या बाकाखालच्या पेटीत, उजव्या कोपऱ्यात लावली आणि तिला वीज जोडली. मोटारीत स्क्रीन लागला. डावं चाक, उजवं चाक, दोन्ही तीन पूर्णांक आठ बार. रात्री वहिनींनी सामान भरलं. जेवताना दादा म्हणाले की जर्मन लोक कॅम्पिंगला जाताना खुर्च्या मोजतात आणि आपण डबे.

आल्बचा चढ

स्टुटगार्टहून उल्मकडे जाताना रस्ता एकदम डोंगर चढायला लागतो. हा श्वेबिशे आल्ब. आपल्या घाटांसारखे कडे नाहीत, बीच जातीच्या झाडांची दाट हिरवी भिंत आहे. सकाळी निघालो आणि चढाच्या आधीच स्क्रीन पहिल्यांदा वाजला. डाव्या चाकाच्या जागी दोन रेघा, म्हणजे त्या चाकाचा संदेशच पोचत नव्हता. थोड्या वेळाने आकडा परत आला. मग पुन्हा रेघा, पुन्हा आवाज.

इराने कानावरचा हेडफोन एका बाजूने उचलून विचारलं की हे असंच पूर्ण सुट्टीभर वाजणार आहे का. वहिनी हसल्या. दादा हसले नाहीत. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "बघू या," मी म्हणाले. 

मला आमच्या बँडची जीप आठवली. जीपमागे जनरेटरची ट्रॉली जोडलेली असायची आणि आम्ही पोरं जीपच्या मागच्या फळीवर दाटीने बसायचो. ट्रॉलीला काय झालं हे कळायची पद्धत सोपी होती, दिव्यांच्या छत्र्या विझल्या की थांबायचं. एकदा नवरदेव घोड्यावर आणि सगळी वरात काळोखात, असं झालं होतं. दादांना हे सांगावंसं वाटलं, पण मोटारीत मी अशी गोष्ट सांगावी की नाही हे ठरेना. तोवर इराने तिच्या शाळेतल्या एका शिक्षिकेची नक्कल सुरू केली होती आणि सगळे तिच्याकडे पाहत होते.

ब्लाउबॉयरेनजवळ मुक्काम केला. गावात देवळाशेजारी असतो तसा चर्चशेजारी एक झरा आहे, ब्लाउटोप्फ. त्या पाण्याचा निळा रंग खोटा वाटतो, कोणी नीळ घातल्यासारखा. आपल्याकडे अशा जागी कुंड बांधलं असतं, पायऱ्या केल्या असत्या, लोक उतरले असते. इथे कठडा आहे आणि लोक कठड्यामागून हळू आवाजात बोलतात. इरा आणि दादा कठड्यावर वाकून पाणी निळं का दिसतं यावर वाद घालत होते. ती त्यांना चक्क चूक म्हणत होती आणि दादांना त्यात मजा वाटत होती. मी थोडी लांब उभी होते. उत्तर मला माहीत होतं. विचारलं कुणी नाही.

कॅम्पिंगच्या जागी दुपारी एक ते तीन शांततेची वेळ असते, मिटाग्सरूहे. गाडी आत आणायची नाही, गवत कापायचं नाही, मुलांनी ओरडायचं नाही. वहिनींनी नेमका तेव्हाच मसालेभाताचा कुकर लावला. पहिली शिट्टी झाली आणि शेजारच्या तंबूतलं कुत्रं उठून उभं राहिलं. दुसरीला पलीकडच्या कॅरॅव्हॅनमधले आजोबा चप्पल घालून आले आणि गॅस गळतोय का विचारू लागले. तिसरी शिट्टी त्यांच्या समोरच झाली. वहिनींनी मग त्यांना ताटलीभर भातच दिला. तासाभराने ताटली धुऊनपुसून परत आली, आणि आजोबांनी विचारलं की ते वाद्य उद्याही वाजणार आहे का.

त्या गडबडीत मी मोटारीत जाऊन स्क्रीन पाहून आले. दोन्ही आकडे स्वच्छ. रात्रीही स्वच्छ. डावं अगदी किंचित कमी होतं, पण त्या बाजूला सावली होती, गार टायरची हवा थोडी उतरते. मी निश्चिंत झाले आणि झोपले. इराला वरचा बाक मिळाला होता, तिच्या उशाशी गोल खिडकी होती. मला खालचा. पाहुणीने खिडकी मागायची नसते.

रास्टप्लाट्झ

दुसऱ्या दिवशी उल्म ओलांडून दक्षिणेला वळलो आणि डाव्या चाकाच्या जागी रेघा आल्या त्या जाईनातच. यंत्र सारखं वाजत होतं. दादांनी एका रास्टप्लाट्झवर, म्हणजे महामार्गाकडेच्या विसाव्याच्या जागी, गाडी थांबवली.

"बंद करून टाकू ते," दादा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी प्रेमळ होता. "परत गेल्यावर बदलून घेऊ. वस्तू निघते एखादी खराब. तुझी काही चूक नाही."

ते रागावले असते तर मी गप्प बसले असते. पण त्या प्रेमळ आवाजात मला माझी थीसिसची जागा जाताना दिसली. चुकीबद्दल लहान मुलांना माफ करतात तसं ते मला माफ करत होते. इराच्या चुकीला ते कधी माफ करत नाहीत, तिच्याशी वाद घालतात.

"सेन्सर खराब नाही," मी म्हणाले.

"मग काय झालंय?"

"माहीत नाही. पण सेन्सर खराब नाही. काल रात्रभर नीट होता." मी सीट-बेल्ट सोडला. "डावं चाक दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये, दादा."

दादांनी चावी काढून डॅशबोर्डवर ठेवली. वहिनींनी मागे वळून पाहिलं. इराने हेडफोन गळ्यात घेतला आणि जर्मनमध्ये, जांभई देत म्हणाली, "आई स्वयंपाक करते तेव्हा चालतं ते. गाडी चालली की बंद पडतं."

 मग मला कळलं. स्वयंपाकाला डबे बाहेर येतात आणि सकाळी निघेपर्यंत बाहेरच राहतात. डबे कुठे असतात? पुढच्या बाकाखालच्या पेटीत. स्टीलचे.

मी धावत जाऊन पेटी उघडली. निरोप्याच्या डाव्या अंगाला वहिनींनी नीट, एकावर एक, भाजणी, मेतकूट, शेव, साखर, तांदूळ, चहा असे डबे रचले होते, आणि उरलेल्या फटीत कुकर. बिचाऱ्या निरोप्यापुढे स्टीलची भिंत होती. असली चूक या महामार्गावरच्या दुसऱ्या कुठल्याही कॅरॅव्हॅनमध्ये झाली नसती.

आम्ही सगळे डबे काढून लाकडी टेबलावर मांडले. एका पोलिश ट्रकचा चालक सँडविच खाता खाता पाहत होता. दादा मोटारीत स्क्रीनसमोर बसले. रेघा गेल्या, आकडा आला, आणि तो लाल होता. दोन पूर्णांक सात. आम्ही पाहत असतानाच दोन पूर्णांक सहा झाला.

टायरमध्ये स्क्रू घुसला होता. पुढे लांबलचक उतार होता, आणि मागे ते सगळं घर बांधलेलं.  वहिनींनी नकळत मेतकुटाच्या डब्यावर हात ठेवला होता. दादांनी जॅक काढला, आम्ही दोघांनी स्टेपनी लावली. शेवटचा नट घट्ट करून दादा उठले, काळे हात तसेच पसरून त्यांनी इराला जवळ घेतलं आणि म्हणाले, "इरा, सुपर. एकदम सुपर."

मी जमिनीवर बसून सेन्सर उतरवून स्टेपनीच्या व्हॉल्व्हवर लावत होते. थांबा म्हणाले होते मी. पण मिठी ज्याची असते त्यालाच मिळते. आपण वाचलो याचा आनंद मला झाला नाही असं नाही. पण डब्यांचं मला का सुचलं नाही, आणि सुचलं असतं तर मला कुणी जवळ घेतलं असतं का, हे दोन प्रश्न डोक्यातून जात नव्हते.

तळ्याकाठी

फ्युसेनजवळच्या तळ्यावर आम्ही दोन दिवस राहिलो. समोर डोंगर, वरच्या घळींमध्ये अजून बर्फ. गाईंच्या गळ्यातल्या घंटा एवढ्या मोठ्या की आपल्याकडे देवळात टांगल्या असत्या. एका घरगुती खाणावळीत केझश्पात्सन खाल्लं, शेवयांच्या जाड बहिणी, भरपूर चीज आणि वर तळलेला कांदा. दादा म्हणाले, थोडी लाल मिरची असती तर. वहिनींनी पर्समधून पुडी काढली.

दुसऱ्या संध्याकाळी मी लाकडी धक्क्यावर पाय सोडून बसले होते. इरा शेजारी येऊन बसली आणि जर्मनमध्ये विचारलं, "तुला माझा राग आलाय?"

"नाही," मी म्हणाले. मग खरं सांगितलं. "राग नाही. हेवा वाटतो."

ती खरोखर चकित झाली. कशाचा, तिने विचारलं. मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की तू वडिलांना चूक म्हणू शकतेस, हवं ते बोलू शकतेस. माझ्या वडिलांशी मी असं काही बोललेच नाही.

इरा पायाने पाणी ढवळत राहिली.

"दुकानात मी फोनवालं म्हटलं," ती म्हणाली, "तर पापा सुपर म्हणाले. का म्हणून विचारलं नाही. तू नको म्हणालीस, तर तुला विचारलं, का. मी काहीही म्हणाले तरी ते सुपरच म्हणतात. डब्यांचंही कसं कळलं, विचारलं नाही."

मग तिने मराठीत, अडखळत, पहिल्यांदाच, म्हटलं, "मला पण का पाहिजे."

तळ्यावर बदकं ओळीने चालली होती.  मी तिला विचारलं, "का गं कळलं तुला?" आणि आम्ही दोघी हसलो. मग तिने सांगितलं: यंत्राचा आवाज नको म्हणून ती तो कधी बंद पडतो याची वाट पाहत असे. बस, एवढंच.

परत

परतीच्या वाटेवर डबे मागच्या कपाटात होते आणि यंत्र एकदाही वाजलं नाही. गेर्लिंगेनला सामान उतरवताना दादा म्हणाले, "दीपाली, एक वाक्य. ऑफिसातल्या कुणी विचारलं तर कुठलं घ्यायला सांगू?"

"स्वतःचा स्क्रीन आणि निरोप्याची डबी असलेलं," मी म्हणाले. "आणि डबीजवळ धातूचं काही ठेवायचं नाही, हे इराने शोधलंय. कसं, ते तिला विचारा."

"ही दोन झाली. तीन," दादा म्हणाले. पण ते हसत होते. "सोमवारी आमच्या गटप्रमुखांना मेल लिही. ते जाडजूड टिपण जोडू नकोस. स्क्रीनवर रेघा असताना तू गाडी का थांबवलीस, ते लिही."

मग ते इराकडे वळले आणि म्हणाले, "हो गं, तुला कसं कळलं?" इरा कॅरॅव्हॅनच्या पायरीवर बसून सांगायला लागली, हात हलवत, जर्मनमध्ये, मधेच एखादा मराठी शब्द. दादा डबे खाली ठेवून ऐकत राहिले. मला अजूनही थोडा हेवा वाटला. मी पिशवी उचलून स्टेशनकडे निघाले.

रविवार होता. ट्रेनमध्ये अप्पांचा फोन आला. जेवलीस का, थंडी किती आहे. मागे बँडचा सराव चालला होता, ढोल ऐकू येत होता. बरं आहे असं माझ्या तोंडात आलंच होतं. त्याऐवजी मी म्हणाले, "अप्पा, एका गाडीच्या चाकाची हवा सांगणारं यंत्र मी निवडलं होतं." आणि मग सगळं सांगितलं, लिंबांपासून स्क्रूपर्यंत. ट्रेन हायडेलबर्ग सोडून गेली तरी मी बोलतच होते. ते मधे काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, फोन कट झाला.

"अन् डबे आड आले म्हणून कळंना?" अप्पांनी विचारलं.

"हो. स्टीलमधून लहरी जात नाहीत."

 "मग मोटार पण लोखंडाचीच की. आतल्या स्क्रीनला कसं काय कळालं?"

 दादांनी हे विचारलं नव्हतं, इराने नाही, मी स्वतःला नाही. खिडकीबाहेर शेतं मागे पळत होती.

"काचेतून, अप्पा," मी म्हणाले. "लहरी काचेतून आत जातात. थांबा, नीट सांगते."

पलीकडे ढोल वाजतच होता. अप्पांनी फोन तोंडापासून दूर धरल्याचं मला कळलं.

"थांबा रे जरा," ते कुणाला तरी म्हणाले. "पोरगी सांगायलीय."